हाताला चावणारी भिंत

मिस्त्रींनी चाळीस वर्षं काँक्रीटसाठी लाकडी साचे बांधले, पण भिंत कशी असावी असं त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. भिंत ओळंब्यात असावी, साचा काढल्यावर गुळगुळीत निघावी आणि ठरल्या दिवशी निघावी, एवढंच सगळ्यांना हवं असायचं. त्यामुळे एका रविवारी लेक नकाशांची गुंडाळी काखेत मारून घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मला अशी भिंत हवी आहे, जिच्यावर लोकांनी चढावं," तेव्हा मिस्त्रींना आधी हसूच आलं.

"चढून काय करायचं?"

"पलीकडे उडी मारायची."

"इतकी वर्षं आम्ही पोरांना भिंतीवरून उतर उतर म्हणून ओरडलो," स्वयंपाकघरातून तिची आई म्हणाली, "आता तुझं ऑफिसच चढ म्हणतंय. चांगलं आहे."

लेक त्यांची एकुलती एक. शहरातल्या मोकळ्या जागा आखणाऱ्या एका ऑफिसात आठ वर्षं नोकरीला होती. मिस्त्री सातवीपर्यंत शिकलेले. लेक नकाशे काढायला लागली तेव्हापासून ते कामावरच्या प्रत्येक माणसाला कधी ना कधी ते ऐकवायचेच. हे काम तिचं पहिलं स्वतंत्र काम होतं. मोठ्या पुलाच्या खांबांमधली एक पडीक जागा होती. तिथे आधीपासूनच काही जण पार्कूर खेळायला यायचे. समोर भिंत येवो, कठडा येवो की खांब, वळसा न घालता अंगाच्या बळावर तो पार करत धावत सुटायचं, असा तो खेळ. आसपासच्या लोकांनी तक्रारी केल्या. त्यांना हाकलण्यापेक्षा रीतसर जागाच करून द्यावी असं वरून ठरलं, आणि ते काम लेकीच्या टेबलावर आलं. साचे बांधायला तिला बाबाच हवे होते.

"दुसरा कोणी ऐकणार नाही माझं," ती म्हणाली. "मी म्हणेन कड गोल हवी, तो म्हणेल काटकोन सोपा पडतो."

"काटकोन सोपाच पडतो," मिस्त्री म्हणाले. पण काम त्यांनी घेतलं.

पुढच्या आठवड्यात लेकीने टोळला घरी आणलं. टोळ हे तिचं खेळातलं नाव. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, काटकुळी, लांब पायांची. पुलाखाली खेळणाऱ्यांत तीच सगळ्यांत जुनी, आणि नवीन येणाऱ्याला शिकवायचीही तीच. पोटापाण्यासाठी ती लिफ्ट दुरुस्त करायची.

"आणि स्वतः कधी लिफ्टने जातेस का?" मिस्त्रींनी विचारलं.

"मिस्त्रीकाका, आत काय काय सुटलेलं असतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. तिथेच मिस्त्रींना पोरगी आवडली.

घरामागे मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. तिथे दोन महिने तिघांचा अड्डा जमला. मिस्त्री फळ्या ठोकून खोट्या भिंती उभ्या करायचे, टोळ त्यांच्यावरून उड्या मारायची, आणि तिचा पाय जिथे टेकेल तिथे मिस्त्री खडूने रेघ ओढायचे. लेक भुशात मांडी घालून सगळं वहीत उतरवायची. टोळचा फोन कोपऱ्यात फळीला टेकवून ठेवलेला असायचा. आपली प्रत्येक उडी ती चित्रित करून घ्यायची आणि नंतर बघून स्वतःलाच शिव्या घालायची.

मिस्त्रींना पहिल्यांदा कळलं, की दोन भिंतींमधली जागा हीसुद्धा बांधायची गोष्ट असते. त्यांनी सवयीने सगळी अंतरं सहा-सहा फूट धरली होती. टोळ म्हणाली, "सारखी नको, काका. सारखी असली की पाय पाठ करून टाकतात आणि डोकं झोपतं. इथे पाच, इथे सव्वासात, इथे असं ठेवा की मला जमेल की नाही ते मलाच कळू नये."

"आणि ज्याला जमणार नाही त्याने?"

"त्याच्यासाठी शेजारून दुसरी वाट. पण त्याला कमीपणा वाटेल अशी नको."

लेकीचंही डोकं तिथे चाललं. ती चार दिवस पुलाखाली नुसती बसून आली होती. नवीन लोक पहिले काही दिवस खेळतच नाहीत, बाजूला उभे राहून बघतात, हे तिने टिपलं होतं. म्हणून तिने कडेला गुडघ्याएवढ्या भिंती काढल्या. बसायला म्हणून बसा, आणि कोणी बघत नाही असं वाटलं की त्यावरूनच पहिली उडी मारा. टोळने तो नकाशा पाहून लेकीच्या पाठीत धपाटा घातला. मिस्त्री रंधा मारत होते, ते उगाचच जोरजोरात मारायला लागले. अभिमान वाटला की त्यांचं असंच व्हायचं.

घोडं अडलं ते पोतावर. नकाशात "साधा पोत" लिहिलं होतं. मिस्त्रींनी नमुन्याची एक भिंत ओतली. आरशासारखी निघाली. टोळने तिच्यावर हात टेकला आणि तो घसरवून दाखवला.

"ह्याच्यावर मरायला होईल. भिंत हाताला चावली पाहिजे, काका. फक्त रक्त काढता कामा नये."

मिस्त्री त्या वाक्याने दोन दिवस बेचैन होते. वाळू टाकून पाहिली, तर ती सुटून यायला लागली. तारेच्या ब्रशने घासून पाहिलं, तर कुठे जास्त कुठे कमी झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी साच्याला आतून ओलं गोणपाट ताणून ठोकलं आणि त्यात काँक्रीट ओतलं. साचा उघडून गोणपाट सोललं, तर त्याची सगळी वीण दगडात उतरलेली. आडवे-उभे धागे बोटांना मोजता येतील इतके स्पष्ट. टोळने हात टेकला, मग दोन्ही हातांवर सगळं अंग तोललं आणि तशीच लटकत राहिली.

लेकीने तळवा फिरवला. "बाबा, हाच. अगदी हाच पोत हवा."

"नकाशात साधा लिहिलाय तू. बदल कागदावर घ्यावा लागेल ना?"

"कागदाचं मी बघते. तुम्ही सगळ्या भिंतींना हेच लावा."

तिने लावा म्हटलं आणि मिस्त्रींनी लावलं. पोटच्या पोरीकडून कोण लिहून घेतं?

काम चार महिने चाललं. शेवटच्या महिन्यात मिस्त्रींना डाव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. हे त्यांनी एकट्या बायकोला सांगितलं, जेवताना, आणि वर बजावलंही, "कुणाला बोलू नकोस. साचेवाल्याचा डोळा गेला म्हटलं की दारात कोणी उभं करणार नाही. हे काम उरकलं की दाखवतो." तोवर त्यांनी प्रत्येक माप दोनदा घेतलं आणि प्रत्येक कड बोटांनी चाचपून पाहिली. एकही भिंत सुतभर चुकली नाही.

उद्घाटनाला मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून गेले. भिंती लांबूनच चमकत होत्या. जवळ जाऊन त्यांनी हात लावला, आणि वीण डोळ्यांना दिसत होती पण हाताला लागत नव्हती. वरून काचेसारखं काहीतरी बसलं होतं. गर्दीतून वाट काढत त्यांनी लेकीला गाठलं.

"ह्याला काय फासलंय?"

"लेप आहे, बाबा. कोणी भिंती रंगवल्या तर डाग धुऊन जावेत म्हणून. वरचे साहेब हटूनच बसले."

"टोळला विचारलंस?"

"बाबा, आत्ता नको." तिने कोणाकडे तरी बघून हसून मान हलवली. "कोरडं असताना काही होत नाही. मी बघितलंय."

टोळ तिथेच होती, दहा पावलांवर, चार नवख्यांना हातवारे करून काही सांगत होती. तिला जाऊन सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण लेकीचा दिवस होता, आणि त्या दिवशी टोळ उंच भिंतींकडे गेलीच नाही. हे न सांगणं पुढे त्यांना फार छळणार होतं.

नवव्या दिवशी सकाळी टोळ कामावर जाण्याआधी एकटीच पुलाखाली गेली. आठ दिवस कोरड्या भिंतींनी तिला धरलं होतं, पण त्या सकाळी भिंतींवर दव होतं. सव्वासात फुटांची उडी तिने घेतली, पाय बरोबर कडेवर पडले, आणि कडेने तिला धरलंच नाही. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात मिस्त्री तिला भेटायला गेले, तेव्हा ती म्हणाली, "बोटं मिटतच नाहीयेत, काका. पाना कसा धरायचा?" मिस्त्रींनी तिला लेपाचं सांगितलं. उद्घाटनाच्या दिवशीच आपल्याला कळलं होतं हेही सांगितलं. तिने मान छताकडे वळवली. मग म्हणाली, "सांगायला हवं होतं तुम्ही."

जागा बंद झाली आणि चौकशी बसली. मिस्त्रींना बोलावणं आलं तेव्हा लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, घाबरू नका. नुसतं विचारतात. जेवढ्यास तेवढं बोला."

खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे तिघे चौकशीवाले, मधे एक चष्मेवाल्या बाई. अलीकडे एका टोकाला मिस्त्री, दुसऱ्या टोकाला लेक आणि तिच्या ऑफिसचे मालक. पाण्याचे पेले झाकून ठेवलेले. बाईंनी ऑफिसकडून आलेलं पत्र वाचायला घेतलं. खाली सही लेकीची होती.

पत्र स्वच्छ भाषेत होतं. साचेकाम करणाऱ्या मिस्त्रींनी नकाशातला साधा पोत बदलून, आमच्या परवानगीशिवाय, साच्यात गोणपाट वापरलं. त्यामुळे पृष्ठभागावर डाग धरू लागले आणि लेप देणं भाग पडलं. मिस्त्री वयस्कर असून त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी क्षीण झाली आहे, ही बाब त्यांनी आमच्यापासून लपवून ठेवली. कडांच्या गोलाईत त्यामुळे फरक पडला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

गोणपाटाच्या वाक्याला मिस्त्रींना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. डोळ्याच्या वाक्याला मात्र त्यांना सगळं लख्ख ऐकू आलं. डोळ्याचं त्यांनी ह्या जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं म्हणतात. त्यांनी आयुष्यात हजारो वासे बसवले होते, पण फिरताना पहिल्यांदाच पाहिले.

"तुम्हाला काही सांगायचं आहे?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं. ती पेल्यावरच्या झाकणाकडे बघत होती. लहानपणी खोटं पकडलं गेलं की ती अशीच एखादी वस्तू धरून बसायची.

"गोणपाट मी लावलं," मिस्त्री म्हणाले. "चांगलं लावलं. लेप मी लावलेला नाही. कडा मोजून घ्या."

"परवानगी कोणाची होती?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मला दुसरं काही सांगायचं नाही."

ते घरी आले तेव्हा बायको कपडे घडी करत होती. त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"डोळ्याचं तू सांगितलंस तिला."

बायकोचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"विचारत होती. बाबांच्या तब्येतीचं काही आहे का म्हणून."

"कशासाठी विचारते ते माहीत होतं तुला?"

"होतं."

एवढ्या सरळ उत्तराची मिस्त्रींनी तयारी केली नव्हती. ते दारातच स्टुलावर बसले.

"तिची नोकरी गेली असती," बायको म्हणाली. "पुन्हा असं काम तिला कोणी दिलं नसतं. ती माझ्यासमोर बसून रडली हो. आणि तुमचं काय जाणार होतं? वर्षा-दोन वर्षांत तुम्ही काम सोडणारच होतात. तिचं सगळं पुढे आहे."

"मला विचारलं असतं तर मीच म्हणालो असतो, घाल माझ्यावर."

"मग झालं तर."

"नाही झालं," मिस्त्री म्हणाले. "विचारलं नाही ना."

बायकोने सदऱ्याची बाही सरळ केली, पुन्हा मोडली, पुन्हा सरळ केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री टोळकडे गेले. ती तिसऱ्या मजल्यावर बहिणीबरोबर राहायची. हात गळ्यात अडकवलेला, केस विंचरता येत नाहीत म्हणून कापून टाकलेले. तिने पत्राची प्रत मिळवून वाचली होती. तिच्याबद्दलही त्यात होतंच. जागा उघडायच्या ठरल्या वेळेआधी आत शिरली, सबब जबाबदारी तिची स्वतःची. आणि शेवटी शिफारस, की भिंती पाडून तिथे गाड्या लावायची सोय करावी.

"केसाने गळा कापला की हो त्या नकाशेवालीने," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आपण कोणाशी बोलतोय. "चुकले."

"बोल. खरंच आहे."

टोळने डाव्या हाताने फोन काढला आणि त्यांच्यासमोर धरला. शेड दिसत होती. टोळ नमुन्याच्या भिंतीला लटकलेली. मागून लेकीचा आवाज, हसरा, स्पष्ट: बाबा, हाच. मग मिस्त्रींचा प्रश्न. मग, कागदाचं मी बघते, तुम्ही सगळ्या भिंतींना हेच लावा.

मिस्त्रींनी ते दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा त्यांनी लेकीचा तळवा भिंतीवरून फिरताना बघितला. त्या क्षणी तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, ती खरोखरच खूश होती, आणि हेच त्यांना सगळ्यांत जास्त लागलं.

"हे मी चौकशीला दिलं तर?" टोळने विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं करते."

मिस्त्री उठून खिडकीशी गेले. खाली एक बाई दोन पिशव्या सांभाळत रस्ता ओलांडत होती. ती पलीकडे पोचेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले.

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "मी बाप आहे, मी नको म्हणेन. मनगट तुझं मोडलंय."

"म्हणजे देऊ?"

"म्हणजे मला विचारू नकोस."

आपण पोरीला वाचवायचं टाळलं, की पोरीला बुडवायचं पाप दुसरीच्या गळ्यात घातलं, हे त्यांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही. नंतरही आलं नाही.

टोळने चार दिवसांनी ते चित्रण दिलं. चष्मेवाल्या बाईंनी माणसं पाठवून सगळ्या कडा मोजून घेतल्या. एकाही गोलाईत फरक निघाला नाही. भिंती पाडायचं बारगळलं. ऑफिसने हात वर केले, पत्र तिने एकटीने लिहिलं म्हणाले, आणि लेकीला घरी बसवलं. त्या मालकांनीच तिला पत्र असं लिही म्हणून सुचवलं होतं की नाही, हे कधीच बाहेर आलं नाही. मिस्त्रींना वाटायचं, सुचवलं असेल. मग वाटायचं, आपल्याला तसं वाटून घ्यायचंय.

लेप उतरवायला यंत्रं आली तेव्हा चौकशीवाल्यांनी मिस्त्रींना बोलावलं, वीण न बिघडता किती घासायचं ते दाखवायला. मिस्त्री पाच दिवस तिथे उभे राहिले. पांढरी धूळ उडायची आणि खालून पुन्हा धागे उघडे पडायचे. टोळ शेवटच्या दिवशी आली. पट्टी निघाली होती, पण मूठ अजून अर्धीच वळत होती. तिने भिंतीवर डावा तळवा ठेवला, मग उजवा. चढली मात्र नाही. "बघू," म्हणाली आणि कडेच्या बुटक्या भिंतीवर जाऊन नवख्यांसारखी बसली. मिस्त्रीही शेजारी बसले. ती त्यांच्याशी पूर्वीसारखं बोलत नव्हती, पण उठूनही गेली नाही.

लेक घरी आली ती त्यानंतर तीन आठवड्यांनी. आईने तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि काहीतरी आणायचं निमित्त करून स्वतः बाहेर निघून गेली. मिस्त्री शेडमध्ये जुन्या फळ्यांचे खिळे उपटत होते. ती दाराला टेकून उभी राहिली. वाळली होती.

"तुम्ही टोळला अडवू शकला असतात, बाबा. तुमचं ऐकलं असतं तिने."

"हो."

"मग?"

मिस्त्रींनी एक खिळा उपटला, डब्यात टाकला. त्यांना तिच्यावर ओरडायचं होतं. इतक्या आठवड्यांत किती वाक्यं त्यांनी जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही वर आलं नाही.

"एक सांग," ते म्हणाले. "ते डोळ्याचं वाक्य लिहिताना थांबली होतीस का?"

लेकीने मान खाली घातली. खोटं बोलणं आता तिलाही परवडणारं नव्हतं.

"थांबले होते."

"किती वेळ?"

"उठून चहा केला," ती म्हणाली. "प्यायले. मग लिहिलं."

मिस्त्रींनी मान डोलावली. पुढची फळी ओढून घेतली, उलटी केली, आणि तिच्यावरचे खिळे बोटाने चाचपत पहिला शोधायला लागले. लेक आत आली, जमिनीवर बसली आणि दुसरी पक्कड हातात घेऊन शेजारच्या फळीला लागली. त्यांनी तिला नको म्हटलं नाही. बसही म्हटलं नाही. तिची आई परत येईपर्यंत दोघे तसेच खिळे काढत राहिले, आणि त्या सगळ्या वेळात मिस्त्रींनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.